रक्तातल्या दोषाचे वाटणीपत्र

मार्च महिन्याच्या तिसऱ्या गुरुवारी, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी, सरकारी इस्पितळाच्या दुसऱ्या मजल्यावरील चौदा क्रमांकाच्या खोलीत पुढील इसम हजर होते : एक, आक्का, वय सदुसष्ट, सहा वर्षांपूर्वी डाव्या पोटरीवरून मेलॅनोमा, म्हणजे तिळासारखा दिसणारा कातडीचा काळा कर्करोग, कापून काढलेली, दोन, तिच्या पाठचा भाऊ, वय चौसष्ट, व्यवसाय दस्तलेखन, तीन, त्यांची धाकटी बहीण, वय बावन्न, व्यवसाय घरकाम व सर्वांची समजूत काढणे, चार, दस्तलेखकांची एकुलती एक कन्या, वय तीस, वजनमापे खात्यात निरीक्षक. भावंडांतला मधला भाऊ मागल्या वर्षी याच रोगाने वारला असल्याकारणाने गैरहजर होता.

हजेरीची ही नोंद दस्तलेखकांनी आपल्या वहीत स्वहस्ते केली होती, कारण इस्पितळाने केलेली नोंद त्यांना अपुरी वाटली. जमिनीच्या नोंदणी कचेरीसमोरच्या काचेच्या दाराच्या खोलीत बसून चाळीस वर्षे ते लोकांची खरेदीपत्रे, मृत्युपत्रे आणि वाटणीपत्रे लिहीत आले होते. त्यांच्या हातचा एकही दस्त चूक निघाली म्हणून कधी परत आला नव्हता. एका स्वल्पविरामावरून त्यांनी दोन सख्ख्या भावांचा समेट मोडला होता आणि पुढे तो पुन्हा घडवून आणण्यासाठी एक अर्धविराम खर्ची घातला होता. अशा माणसाला कोणी विचारल्याशिवाय बोलू नये हे सांगण्याची प्राज्ञा घरात फक्त आक्काची होती, आणि तिचेही तो ऐकत नसे.

आनुवंशिक आजारांच्या सल्लागार बाई टेबलापलीकडे बसून कागदावर कुळाचा तक्ता काढत होत्या. पुरुषाला चौकोन, स्त्रीला वर्तुळ; ज्याला रोग झाला त्याची आकृती काळी.

“वडील?” बाईंनी विचारले.

“सज्जन होते,” दस्तलेखक म्हणाले.

“सज्जनपणाला या तक्त्यात खूण नाही, काका. कशाने गेले?”

“पहिली गोष्ट, मी आपला काका नव्हे. तसे असते तर आपल्यालाही या तक्त्यात घ्यावे लागले असते. दुसरी गोष्ट, काखेत गाठ आली. एक्कावन्नाव्या वर्षी. त्या काळी गाठीला गाठच म्हणत.”

बाईंनी चौकोन काळा केला आणि त्यावर कोपऱ्यातून कोपऱ्यात एक तिरपी रेघ ओढली.

“ही रेघ कसली?”

“व्यक्ती हयात नाही.”

“आमच्या व्यवसायात अशी रेघ म्हणजे रद्द. माझे वडील मृत आहेत, रद्द नाहीत.”

“अरे शहाण्या,” आक्का म्हणाली, “बाई विचारते तेवढं सांग. वडील काय तिच्या पेन्सिलीने गेले?”

मग बाईंनी मूळ मुद्दा सांगितला. शरीरातल्या पेशींनी वाढता वाढता कुठे थांबायचे, याचा मजकूर प्रत्येकाजवळ दोन प्रतींत असतो. एक प्रत आईकडून येते, एक वडिलांकडून. आक्काच्या रक्ताची तपासणी झाली होती आणि तिच्या एका प्रतीत एक अक्षर बदललेले आढळले होते. ती प्रत ज्याच्याजवळ असेल त्याला हा रोग होण्याचा धोका इतरांपेक्षा पुष्कळ जास्त.

इथे दस्तलेखक पहिल्यांदाच पुढे सरकून बसले. “म्हणजे नक्कल उतरवणाऱ्याची चूक.”

“असं म्हणता येईल.”

“कोणत्या पिढीतली?”

“ते सांगता येणार नाही. तुमच्या वडिलांच्याही मागची असेल.”

“आणि तेव्हापासून आजतागायत कोणी दुरुस्तीपत्र केले नाही?”

“ते करता येत नाही, काका.”

दस्तलेखकांना एवढा धक्का वडिलांवरच्या रेघेनेही बसला नव्हता. जगात असा एखादा दस्त असावा की ज्यातली चूक डोळ्यांसमोर दिसत असूनही ती जशीच्या तशी पुढच्या वारसाला उतरवून द्यावी लागते, ही कल्पनाच त्यांना अव्यवस्थेचा कळस वाटली.

“आता तुम्ही भावंडं,” बाई पुढे म्हणाल्या. “आक्कांप्रमाणे तुमच्यापैकी प्रत्येकाला ती प्रत मिळालेली असण्याची शक्यता निम्मी.”

दस्तलेखकांनी वहीत ‘निम्मी’ असे लिहिले आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या. ‘प्रत्येकाला’ हा शब्द त्यांनी लिहिला नाही. चाळीस वर्षांच्या व्यवसायात त्यांनी एवढा महत्त्वाचा शब्द कधी गाळला नव्हता.

“म्हणून काका, आधी तुमचं रक्त तपासू. तुमच्यात बदल नसेल तर तुमच्या मुलीला तपासायचं कारणच नाही. विषय तिथेच मिटला. असेल, तर तिला निम्मी शक्यता.”

खोलीबाहेरच्या बाकावर कन्येने बापाला गाठले. बापाची गाठ सहजासहजी पडत नसे. पडलीच तर ती मुद्द्यावर पडावी लागे.

“बाबा, माझ्या अंगावर चव्वेचाळीस तीळ आहेत. मी मोजलेत. रोज अंघोळ झाली की आरशापुढे उभी राहून काल कोणता केवढा होता ते आठवत बसते. दोन चमचे रक्त द्या. तुमचं स्वच्छ निघालं की मी सुटले.”

“आणि न निघाले तर?”

“तर मी कुठे उभी आहे ते कळेल.”

“विचार करून सांगतो,” दस्तलेखक म्हणाले.

कन्या बापाकडे पाहत राहिली. विचार करून सांगतो हे वाक्य त्यांच्या तोंडून तिने आजवर ऐकले नव्हते, कारण ते कशावरही विचार करण्यापूर्वीच सांगत असत. यामागचे कारण मात्र तिला पुरते ठाऊक नव्हते. मधल्या भावाच्या उशाशी अकरा आठवडे दस्तलेखकच बसले होते. भावाला वर्तमानपत्र वाचून दाखवताना पहिल्या आठवड्यात तो अग्रलेखाशी भांडत असे. नवव्या आठवड्यात कोणते वर्तमानपत्र आहे हेही त्याने विचारले नाही. त्यानंतर आपल्या अंगात काय लिहिले आहे ते वाचण्याची दस्तलेखकांना इच्छा उरली नव्हती. पण भीती वाटते असे कबूल करण्याऐवजी त्यांनी वाटणीपत्र लिहिले.

रविवारी सकाळी आक्काच्या घरी, जेवणाच्या टेबलावरचे मेणकापड पुसून घेऊन, त्यांनी ते सर्वांसमक्ष खड्या आवाजात वाचले :

“लिहून ठेवणार आम्ही एका पित्याची चार अपत्ये. आमच्या पित्याकडून वारसाहक्काने आम्हांकडे आलेला रक्तदोष निम्मा असल्याचे इस्पितळाच्या बाईंनी समक्ष सांगितले आहे. चारांचे निम्मे दोन. पैकी एक हिस्सा मधल्या बंधूंनी घेतला व ते त्यासह निवर्तले. दुसरा हिस्सा आक्का यांच्या कब्जात असून त्याची चतुःसीमा येणेप्रमाणे : उत्तरेस डावा गुडघा, दक्षिणेस घोटा, पूर्वेस नडगी, पश्चिमेस मोकळी हवा. सबब उर्वरित दोन वारसांकडे सदर दोषाचा कोणताही अंश शिल्लक राहिलेला नाही, व त्यांच्या वंशजांकडेही तो जाऊ शकत नाही.”

“मोकळी हवा छान लिहिलीस,” आक्का म्हणाली. “माझा कब्जा कधीपासून धरलास?”

“सहा वर्षे. निर्वेध.”

“मग मी हक्कसोड करते. घे तूच.”

“तशी तरतूद नाही.”

“मला द्यायची तेवढी तरतूद बरी सापडली रे तुला!”

धाकटीने मान हलवली. “दादा म्हणतोय म्हणजे त्याला काहीतरी आधार असेल गं.” असे म्हणून तिने सही केली. धाकटीने आयुष्यभर भांडण टाळण्यासाठी सह्या केल्या होत्या. आणखी एक केल्याने तिचा हात दुखणार नव्हता. आक्कानेही सही केली, पण सहीपुढे ‘हसत हसत’ असे दोन शब्द जोडले, आणि ते खोडायला लावण्यात पाऊण तास गेला.

साक्षीदाराच्या जागी कन्येचे नाव आधीच लिहिलेले होते. तिने पेन हातात घेतले नाही.

“बाबा, एका रांगेत चार दुकानं आहेत. मी दोघांचे तराजू तपासले, दोन्ही खोटे निघाले. म्हणून उरलेल्या दोघांवर न तपासता शिक्का मारू?”

“तराजूंना बाप नसतो.”

“असतो. चारही एकाच कारखान्यातून आलेले असतात. म्हणून तर तपासायचे.”

“ही उपमा झाली. उपमेवर निकाल लागत नसतो.”

“आणि हे काय आहे?”

“हा दस्त आहे.”

“साक्षीदार म्हणून मी नक्की काय पाहिलं ते तरी सांगा. ही वाटणी झाली तेव्हा मी हजर होते? तुम्ही तरी होतात?”

“अगं, पुरे,” आक्का म्हणाली, “आमचे आईवडील त्या वेळी काय करत होते याची चर्चा माझ्या टेबलावर नको.”

साक्षीदाराची जागा कोरी राहिली. दस्तलेखकांनी दस्त घडी करून कातडी पिशवीत ठेवला. पुढचे काही आठवडे कन्या तपासणीचे नाव काढी तेव्हा ते पिशवीकडे बोट दाखवीत. कन्या घरी यायची, चहा प्यायची, बापाच्या सदऱ्याच्या बंद गळ्याकडे पाहायची आणि निघून जायची. तिने आता तीळ मोजल्याची वही केली होती. तिचे अक्षर बापासारखेच सुबक होते.

जून महिन्यात एके दिवशी धाकटी काचेचे दार ढकलून आत आली आणि पक्षकारांच्या खुर्चीत बसली. भाऊ एका खरेदीपत्राचे शेवटचे पान लिहीत होता. पान संपेपर्यंत ती थांबली.

“दादा, मी जाऊन तपासून आले. माझ्यातही आहे.”

दस्तलेखकांनी पेनाला टोपण लावले. “शक्य नाही. तू सही केली आहेस.”

“सही केली म्हणूनच गेले. तुझ्या वाटणीपत्रावर सह्या करून सुखाने झोपलेली माणसं मी फार पाहिली नाहीत.”

दस्तलेखकांनी लिहून झालेले पान पालथे घातले. खोलीत आणखी कोणी असते तर त्याला वाटले असते की माणसाला बहिणीचे दुःख झाले आहे; आणि ते त्यांना झालेही होते. पण दुःखाबरोबरच त्यांच्या डोक्यात आकडे हलू लागले होते. हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर एक उजेड येऊ लागला, जो बहिणीला मुळीच आवडला नाही.

“असे पाहा. दोन जायचे तिथे तीन गेले. म्हणजे एक हिस्सा आगाऊ उचलला गेला. आता शिल्लक राहण्याचा प्रश्नच उरत नाही.”

“मी तुझा वाटा उचलला म्हणतोस?”

“अनवधानाने. तुझा हेतू वाईट होता असे मी लिहिणार नाही.”

“लिहिणार? दादा, तू हेही लिहिणार आहेस?”

“पुरवणी लागेल.”

धाकटीने सबंध आयुष्यात भावाची समजूत काढण्याची संधी सोडली नव्हती. त्या दिवशी सोडली. ती उठली, पदर सावरला, आणि दाराशी थांबून म्हणाली, “माझी कातडी त्यांनी नखापासून केसापर्यंत भिंगातून पाहिली. काही निघालं नाही. सहा महिन्यांनी परत बोलावलंय. तुझी पाठ शेवटची कोणी पाहिली, दादा?”

दस्तलेखकांची पत्नी वारून अकरा वर्षे झाली होती.

“पाठ ही दुसऱ्यांनी पाहायची गोष्ट आहे,” ते म्हणाले.

“तेच म्हणते मी,” धाकटी म्हणाली आणि निघून गेली.

पुरवणी दस्त त्याच संध्याकाळी तयार झाला. त्याची भाषा मूळ दस्तापेक्षाही सरस होती. ‘अतिरिक्त उचल’ या शब्दप्रयोगावर दस्तलेखक इतके प्रसन्न झाले की त्यांनी तो तीन ठिकाणी वापरला. कन्या आली तेव्हा तिला तो वाचून दाखवावा म्हणून त्यांनी चष्मा लावला. पण तिनेच आधी तोंड उघडले.

“तुम्ही जात नाही, म्हणून मी गेले. आत्याच्या अहवालावरून काय शोधायचं ते त्यांना माहीत होतं; थेट माझं रक्त घेतलं. अठ्ठावीस तारखेला निकाल आहे. बरोबर येता का?”

“आपल्या दोघांचा निकाल लागलेला आहे,” दस्तलेखक म्हणाले. “तरीही येतो. हा पुरवणी दस्त त्यांच्या दप्तरी दाखल करायचा आहे.”

अठ्ठावीस तारखेला, चौदा क्रमांकाच्या खोलीत, त्यांनी दोन्ही दस्त बाईंसमोर ठेवले. बाईंनी ते पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचले. असे वाचणारे माणूस दस्तलेखकांना फार वर्षांनी भेटत होते, आणि ते मनोमन सुखावले. चतुःसीमेपाशी बाईंचे ओठ किंचित हलले, पण त्या हसल्या नाहीत. कागद नीट जुळवून त्यांनी बाजूला ठेवले आणि कन्येकडे वळल्या.

“तुमच्यातही तोच बदल आहे. त्याच जागी, तेच अक्षर.”

कन्येने मांडीवरच्या पर्सचा पट्टा बोटाभोवती गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला. “म्हणजे मला होणारच?”

“नाही. धोका जास्त आहे, एवढंच. पुष्कळांना कधीच होत नाही. उन्हापासून जपायचं, दर सहा महिन्यांनी कातडी दाखवायची, एखादा तीळ बदलला तर त्याच आठवड्यात यायचं. वेळेवर सापडला तर हा रोग कापून निघतो.”

“मी वही ठेवलीय.”

“उत्तम. आणा ती.”

दस्तलेखकांच्या तोंडून मात्र निराळाच प्रश्न निघाला. चाळीस वर्षांत त्यांच्या टेबलापाशी जो जो माणूस काही विकायला, द्यायला किंवा मागे ठेवायला आला, त्याला त्यांनी पहिला प्रश्न हाच विचारला होता. सवयीने तो आताही निघाला.

“हे तिच्याकडे आले कोठून?”

बाईंनी तक्ता त्यांच्यासमोर सरकवला. खिडकीखाली कोणीतरी चाकाची खाट ढकलत होते. तिचे एक चाक कुरकुरत होते. दस्तलेखकांनी टेबलावरच्या तक्त्याकडे पाहिले. तिथे त्यांच्या चौकोनातून एकच रेघ खाली कन्येच्या वर्तुळाकडे जात होती, आणि त्यांचा चौकोन पांढरा होता. मुलीच्या आईकडचा तक्ता बाईंनी शेजारीच काढला होता. त्यात काळे असे काही नव्हते, आणि असते तरी नेमके हेच अक्षर तिथून येण्याचे कारण नव्हते. स्वतःच्या नावावर नसलेले शेत विकायला आलेल्या माणसांना त्यांनी काचेच्या दाराबाहेर किती वेळा काढले होते! प्रत्येकाला कायदा समजावून सांगितला होता, आणि समजावताना मजाही वाटली होती.

“ज्याच्याजवळ जे नाही, ते त्याला दुसऱ्यास देता येत नाही,” ते म्हणाले. आवाज त्यांचाच होता, फक्त खडा नव्हता.

“बरोबर,” बाई म्हणाल्या, आणि त्यांनी दस्तलेखकांच्या चौकोनात मधोमध एक उभी रेघ ओढली.

“ही कसली?”

“बदललेली प्रत आहे, रोग आहे की नाही ते माहीत नाही.”

“माहीत का नाही?”

“तुम्ही दाखवलंच नाहीत, काका.”

या वेळी काका या शब्दावर हरकत आली नाही. दस्तलेखकांनी दोन्ही दस्त ओढून घेतले, चष्मा सारखा केला आणि पुरवणीचे पहिले पान उघडले. चौथा हिस्साही गेला तर एकूण चारांपैकी चार, म्हणजे निम्मे हे परिमाणच मुळात... त्यांनी खिशातून पेन काढले. चौथा परिच्छेद कुठून सुरू करावा हे त्यांना सुचत नव्हते.

“बाबा,” कन्या म्हणाली, “दस्त राहू द्या. सदरा काढा.”

“इथे?”

“शेजारच्या खोलीत. डॉक्टर बसलेत. मी बाहेर विचारून आलेय.”

“तू आधीच विचारलेस?”

“तुमचीच मुलगी आहे. तेवढं आता सिद्ध झालंय.”

शेजारच्या खोलीत त्वचेचे डॉक्टर होते. ठेंगणे, घाईत असलेले, आणि वाद घालण्यात रस नसलेले. दिव्याचे भिंग हातात घेऊन ते दस्तलेखकांच्या पाठीवर वाकले. कन्या पडद्याच्या आत उभी राहून नोंद घेत होती. अकरा वर्षे कोणी न पाहिलेली ती पाठ पाहून ती थोडा वेळ काही लिहू शकली नाही. पाठ तिला वाटली होती त्यापेक्षा म्हातारी होती.

“हा साधा. हाही साधा. हा कधीपासून?” डॉक्टरांचे बोट उजव्या खांद्याच्या फऱ्याखाली थांबले.

“जन्मापासून,” दस्तलेखक म्हणाले.

“कोणी सांगितलं?”

“आईने.”

“तुमच्या आईने याबद्दल सांगितलं की शेजारच्याबद्दल? कारण शेजारचा जन्माचा दिसतोय. याच्या कडा वेड्यावाकड्या आहेत आणि रंग तीन आहेत.”

दस्तलेखकांनी मान मागे वळवण्याचा प्रयत्न केला. जमिनीचा असा तुकडा त्यांच्या आयुष्यात पहिलाच होता, की जो पूर्णपणे आपल्या कब्जात असून ज्याची मोजणी आपल्याला स्वतःला करता येत नाही. “माझे म्हणणे असे आहे की–” त्यांनी सुरुवात केली.

“पालथे झोपा,” डॉक्टर म्हणाले. “आताच काढतो. सुई टोचेल.”

दस्तलेखक पालथे झोपले. उशीत तोंड असल्यामुळे पुढचे म्हणणे कोणाला ऐकू गेले नाही.

तुकडा तपासून यायला दोन आठवडे लागले. त्या दोन आठवड्यांत दस्तलेखकांनी एकही दस्त लिहिला नाही. टाके ओढतात म्हणून, असे ते पक्षकारांना सांगत. कन्या रोज संध्याकाळी येऊन पट्टी बदलायची. पट्टी बदलताना दोघे फारसे बोलत नसत. एकदाच ते म्हणाले, “मी मार्चमध्येच रक्त द्यायला हवे होते. मी घाबरलो होतो.” त्यावर कन्येने चिकटपट्टी दातांनी तोडली आणि म्हणाली, “मीही घाबरले होते. पण मी गेले, बाबा.” एवढ्यावर ते प्रकरण त्यांच्यापुरते बंद झाले.

निकालाच्या दिवशी आक्का आणि धाकटीही आल्या. आक्काने काठी आणली होती, आणि ती टेकण्यासाठी आहे की भावासाठी ते विचारण्याचे धाडस कोणी केले नाही. डॉक्टरांच्या टेबलावर दोन पानी अहवाल होता.

“शब्दशः वाचा,” दस्तलेखक म्हणाले. “एकही शब्द गाळू नका.”

डॉक्टरांनी वाचायला सुरुवात केली. तुकड्याची लांबी आली, रुंदी आली, पेशींचे वर्णन आले, मिलिमीटरांचे दशांश आले. दस्तलेखक डोळे मिटून ऐकत होते. त्यांचा हात कन्येच्या हातात होता आणि तो कोणी कोणाचा धरला आहे हे सांगणे कठीण होते. दुसऱ्या पानावर आक्काचा धीर सुटला.

“डॉक्टर, आमच्या घरात कागद वाचणारा एक पुरतो. तुम्ही सरळ सांगा.”

डॉक्टरांनी अहवाल खाली ठेवला.

“मेलॅनोमाच होता. अगदी वरच्या थरात होता. भोवतालची थोडी कातडी पुढच्या सोमवारी कापू. त्यापलीकडे उपचार लागणार नाही. तपासणीला बाप आणि मुलगी दोघांनीही यायचं.”